बाभळीच्या काट्यावरची गाणी

मानवतमध्ये माझ्याविषयी एक चांगली गोष्ट सांगतात, आणि ती खरी नाही.

जपानच्या लढाईच्या दिवसांत निजाम सरकारच्या पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, कोबेवाल्या अप्पांच्या घरी चौकशीला आला, तेव्हा मी प्रसंग ओळखून अप्पांना तुरुंगातून वाचवले, अशी ती गोष्ट आहे. लग्नाकार्यात जुनी माणसे भेटली की ती निघते. सांगणारा माझ्या पाठीवर हात ठेवतो, ऐकणारे माझ्याकडे पाहतात, आणि मी मान खाली घालतो. लोक त्याला विनय समजतात. त्या दुपारी मी कोणाला वाचवले असेल तर स्वतःला, आणि त्याची किंमत अप्पांनी मोजली. हे मी तीसेक वर्षे माझ्या पत्नीलाही सांगितले नव्हते.

परंतु अप्पा कोण होते हे कळल्यावाचून माझ्या अपराधाचे वजन कळणार नाही. म्हणून आधी अप्पा.

अप्पा मूळचे मानवतचेच, लिंगायत व्यापारी घरातले. तरुणपणी मुंबईला कापसाच्या एका पेढीत कारकून म्हणून गेले. आपल्या भागातला कापूस तेव्हा गाठी बांधून जपानला जात असे, आणि तिकडे उतरलेला माल तपासून घ्यायला पेढीला आपला माणूस लागे. पेढीने अप्पांना कोबे बंदरात पाठवले. तिथे त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली. मंदीत पेढीने तिकडचा कारभार आवरला तेव्हा ते परत आले. मानवत रोडच्या स्टेशनावरून बैलगाडीत त्यांचे सामान आले ते पाहायला अर्धी पेठ जमली होती म्हणतात. एक ट्रंक, तेल लावलेल्या कागदाची एक छत्री, चावीचा फोनो, आणि गोधडीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी. पेटीत तबकड्या होत्या. गाडीवानाने ती उचलायला हात लावला तर अप्पांनी त्याला थांबवले आणि पेटी स्वतः मांडीवर घेऊन बसले.

लग्न त्यांनी केले नव्हते. घरी थोरली विधवा बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणत. सकाळी अप्पा स्नान करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजा करीत, ती थेट त्यांच्या वडिलांसारखी. त्यानंतरचा दिवस मात्र कोबेचा असे. त्यांच्या उंबऱ्याच्या आत कोणाचीही वहाण येत नसे, तहसीलचा शिपाई असो की जंगम स्वामी. चहा दूधसाखरेवाचून, वाडग्यातून, दोन्ही हातांनी धरून पिणार. आक्का त्याला काढा म्हणे. "ह्येला ताप न्हाई, खोकला न्हाई, आन् रोज काढा पितोय," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. समोरचा माणूस कोणीही असो, अप्पा शरणार्थ म्हणताना कमरेत वाकत. मानवतच्या बाजारात भाजीवालीला वाकून नमस्कार करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. भाजीवाल्या लाजून पदराआड हसत आणि एखादी जुडी जास्त टाकत.

मी त्या वेळी पंचविशीतला होतो आणि पेठेबाहेरच्या कापसाच्या जीनमध्ये कारकून होतो. माझे शिक्षण उर्दूतून झालेले, त्यामुळे सरकारदरबारचे कागद माझ्याकडे असत आणि सगळे मला मुन्शी म्हणत. जीनच्या शेठजींनी अप्पांना कापूस पारखायला ठेवले होते. अप्पा गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालीत, एक पुंजका बाहेर काढीत, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढून पाहत. हे करताना ते गुणगुणत. शब्द कोणाला कळत नसत, चाल मात्र साऱ्या गाडीवानांना पाठ झाली होती. कारण गुणगुणणे शेवटापर्यंत गेले म्हणजे माल पसंत, आणि मध्येच तुटले म्हणजे कापसावर पाणी मारलेले. ते तुटले की गाडीवान आपणहून खाली उतरे.

"अप्पा, पहाटं दव पडलं हुतं वो," एखादा म्हणे.

"तुमच्याच गाडीवर पडलं व्हय? मागच्यावर न्हाई पडलं," अप्पा म्हणत. रागावत नसत. "उन्हात पसरा. सांजच्याला पुन्हा बघू. तवर मी गानं हितंच धरून ठिवतो."

आणि खरोखर संध्याकाळी त्या गाडीजवळ गेल्यावर ते जिथे थांबले होते तिथूनच पुढे गुणगुणायला लागत.

एका सोमवारी मंदिरातल्या भजनात त्यांनी नवी चाल लावली. शब्द शिवाचे, जुनेच. चाल अशी की टाळकऱ्यांचे हात आपोआप मंदावले. स्वामींनी विचारले, "अप्पा, ही चाल कुठली?" अप्पा म्हणाले, "समुद्रापल्याडची, स्वामी. पर तिकडंबी मान्सं हात जोडूनच गात्यात." स्वामी हसले, आणि ती चाल मानवतच्या भजनात राहिली. ती जपानी गाण्याची आहे हे फक्त मला ठाऊक होते, कारण एव्हाना मी रोज संध्याकाळी अप्पांकडे जाऊ लागलो होतो.

का जात असे, हे मला नीट सांगता येणार नाही. माझा आवाज मुळात लहान. चार माणसांत माझे बोलणे अर्धे हवेत विरते. अप्पांना तोच गुण वाटे. "फोनो चालू असताना तुमी बोललात तरी गान्याला धक्का लागत न्हाई," असे ते म्हणत. दुसऱ्या कोणी माझ्या आवाजाची अशी बूज राखली नव्हती.

फोनोच्या पोलादी सुया लढाईच्या आधीच मिळेनाशा झाल्या. अप्पा बाभळीचे काटे वापरू लागले. ओढ्याकाठच्या बाभळीखाली डोके वर करून ते तासचे तास उभे राहत. हिरवा काटा मऊ पडतो, फार जुना मोडतो. गेल्या हंगामात वाळलेला, पांढरा, सरळ काटा हवा. तो बोटावर टोचून पाहायचा, सहाणेवर किंचित घासायचा, आणि तबकडीच्या एका बाजूला एक काटा. बाजू संपली की काटा टाकून द्यायचा. पितळी वाटीभर काटे कायम फोनोजवळ असत. "लोक पायातला काटा काढत्यात, आमचा अप्पा घरात भरायलाय," आक्का म्हणे. पण काट्यावर वाजणारा आवाज पोलादापेक्षा खरेच मऊ येई. खूप लांबून, मधल्या पाण्यावरून आल्यासारखा.

त्या तबकड्या अप्पांनी विकत घेतलेल्या नव्हत्या. कोबेला ते ज्या घरात भाड्याने राहत त्या घराच्या म्हाताऱ्या मालकिणीच्या त्या होत्या. तिच्या तरुणपणी लोकांच्या तोंडी असलेली गाणी. तिकडेसुद्धा ती तेव्हा जुनी झाली होती. घरातले तरुण भाडेकरू ती लागली की हसत आणि बाहेर निघून जात. एकटे अप्पा बसून राहत. म्हातारी एका ओळीनंतर तबकडी थांबवी आणि हातवाऱ्यांनी, वस्तू दाखवून, कधी अंगणात नेऊन त्यांना त्या ओळीचा अर्थ सांगे. अप्पा निघाले तेव्हा तिने ती पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिचे कोणी उरले नव्हते.

"म्हातारी म्हनली, तिकडं एकाला तरी अर्थ कळला पायजे. न्हाईतर नुसता आवाज ऱ्हाईल," अप्पा मला म्हणाले. "मी हाय तवर मी हाय. माझ्या माघारी कोन? आक्का तर काटे उकिरड्यावर फेकंल. तुमी लक्षात ठिवा, मुन्शी."

मी हो म्हणालो. तेवढे म्हणणे मला फार सोपे गेले, असे आता वाटते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. म्हातारीने जसे त्यांना शिकवले तसेच अप्पा मला शिकवीत. एक ओळ, मग काटा उचलायचा, मग मी मराठीत अर्थ सांगायचा. चुकलो की पुन्हा. त्यांतले एक गाणे त्यांचे सर्वांत आवडते होते, जीनमध्ये ते गुणगुणत तेच. पहाटेचे बंदर आहे. दाट धुके आहे. एक बाई टेकडीवरच्या पायरीवर उभी आहे, तिचा माणूस जहाजावर आहे. जहाज तिला दिसत नाही, फक्त भोंगा ऐकू येतो. भोंगा वाजला की ती पायातली खडाव हातात घेऊन दगडावर वाजवते, म्हणजे उत्तर देते. ते त्याला ऐकू जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

"आणि मग ती रडते," मी एकदा माझ्या पदरचे घातले.

अप्पांनी काटा उचलला. ते माझ्यावर रागावलेले मी तेवढे एकदाच पाहिले. "कुठं हाय त्यात रडनं? दावा मला. म्हातारीनं मला खडाव वाजवून दावली, डोळं पुसून न्हाई दावलं. त्या गान्यात कुनी रडत न्हाई, मुन्शी. आपल्याला रडू येतंय ते आपलं."

पुढे जपान लढाईत उतरला. तिकडचा व्यापार बंद पडला, जीनमध्ये गाठींवर गाठी चढल्या, आणि शेठजींचे दिवस पेठेतल्या उडत्या बातम्यांवर जाऊ लागले. मानवतला तेव्हा रेडिओ पाहिलेली माणसे थोडी होती. अप्पांच्या फोनोच्या पेटीतून जपानी माणसे बोलतात एवढे मात्र सगळ्यांनी खिडकीतून ऐकले होते.

एके दिवशी शेठजींनी मला विचारले, "काय मुन्शी, अप्पाच्या पेटीत काय म्हणतायत जपानी?"

आदल्या संध्याकाळीच मी धुक्याचे गाणे ऐकले होते. चार माणसे बसली होती, आणि कधी नव्हे ते सगळे माझ्याकडे पाहत होते. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बंदरावर दाट धुकं आहे म्हणतात, शेठजी. जहाज दिसत नाही."

मला वाटले, हसतील. शेठजी हसले नाहीत. त्यांनी दलालाकडे पाहिले. दलाल उठून पेठेत गेला. संध्याकाळपर्यंत जपानचे आरमार धुक्यात अडकले होते, आणि शेजारच्या बोरी गावच्या बाजारातून तीच बातमी आठवड्याने परत आली तेव्हा जपानी फौज धुक्याआडून मुंबईत उतरली होती आणि हे मानवतच्या अप्पाच्या पेटीला सगळ्यांआधी कळले होते.

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. पण मला त्याची गंमत वाटत होती. माझ्या तोंडून निघालेले एक वाक्य साऱ्या तालुक्यात फिरत होते. माझ्यासारख्याच्या आयुष्यात असे पूर्वी घडले नव्हते. खेड्यांतली माणसे अप्पांच्या दारी येऊ लागली. वहाणा बाहेर काढून ओळीने बसत आणि विचारत, "अप्पा, आज काय म्हनायलाय जपान?"

अप्पांना वाटले, माणसांना गाण्याची गोडी लागली. त्यांचा आनंद पाहवत नव्हता, इतका निर्मळ होता. ते वाकून स्वागत करीत, सर्वांना काळा चहा देत, तबकडी लावीत आणि अर्थ सांगत, "आज एक म्हातारा ठेसनावर उभा हाय. बर्फ पडायलाय. लेक यायचाय गाडीनं."

"ठेसनं घेतली म्हना की," एखादा शेजारच्याच्या कानात सांगे.

"बर्फात? लय जबर फौज हाय."

मी कोपऱ्यात बसून ओठ दाबून हसत असे. अप्पांना मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी जीनमध्ये मात्र सगळे रंगवून सांगितले.

अमीन आला तो हैदराबादहून नवाच बदलून आलेला. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. तो आधी जीनमध्ये आला. शत्रूच्या मुलखाच्या बातम्या या गावातून कोण पसरवतो, असे त्याने शेठजींना विचारले. शेठजींनी अप्पांचे घर सांगितले आणि दुभाषा म्हणून मला सोबत दिले. मी निघताना ते जवळ आले आणि माझ्या खांद्यावरचा कापूस झटकत हळूच म्हणाले, "धुक्याची बात पहिल्यांदा कोणी आणली, ते आम्ही काही बोललो नाही बरं का, मुन्शी."

जीनपासून अप्पांच्या घरापर्यंतच्या वाटेत मला दुसरे काही ऐकू आले नाही.

अप्पा दारातच उभे होते. ते कमरेत वाकले, आणि सरळ होताना त्यांनी अमिनाच्या बुटांकडे बोट दाखवले. सोबतचा जवान पुढे सरसावला. अमिनाने त्याला हाताने थांबवले, क्षणभर अप्पांकडे पाहिले, आणि ओट्यावर बसून बुटांचे बंद सोडले.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. ज्याने बूट काढले तो अर्थही ऐकून घेईल, हे मला तिथेच समजले होते. मी गोंधळलो होतो, घाबरून भान राहिले नाही, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितले. ते खरे नाही. भान होते.

आक्काने काळा चहा आणला. अमिनाने फोनोकडे बोट करून म्हटले, "बजाइए." अप्पांनी वाटीतला चांगला काटा निवडला आणि तेच गाणे लावले. अमीन डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या हातातला वाडगा हलला नाही.

"आवाज़ में दर्द है," तो म्हणाला. मग डोळे उघडून, "मतलब क्या है इसका?"

अप्पांचा चेहरा उजळला. मुंबईच्या दिवसांतली मोडकी हिंदी त्यांना येत होती, समजत तर सगळी होती. पण ते म्हणाले, "मेरी जबान मोटी है, साब. मतलब ये मुन्शी बतायेंगे. इनको सब याद है." आणि माझ्याकडे वळून, ज्या स्वरात ते रोज संध्याकाळी बोलत त्याच स्वरात म्हणाले, "सांगा, मुन्शी. सावकाश सांगा."

अर्थ सांगितला असता तर धुके आणि जहाज माझ्या तोंडून निघाले असते, आणि पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता.

मी म्हणालो, "हुज़ूर, इन गानों का कोई मतलब नहीं. इनका दिमाग़ ज़रा चल गया है. जो मुँह में आता है, लोगों से कह देते हैं."

तबकडी संपली होती. शेवटच्या रेघेत काटा खरखरत फिरत होता. एरवी अप्पांनी तो लगेच उचलला असता. त्या दिवशी तो बराच वेळ फिरला.

"और वो धुंध, वो जहाज़?" अमिनाने विचारले.

"सब इनके दिमाग़ की उपज है, हुज़ूर."

अमिनाने खोलीभर नजर फिरवली. वाटीतले काटे, खुंटीवरची कागदाची छत्री, वाडग्यातला काळा काढा. इतकी वर्षे जे अप्पांचे वैभव होते ते एकाएकी माझ्या बाजूने साक्ष देऊ लागले. अमीन उठला. वेड्याला काय धरायचे, असे काहीसे तो जवानाला म्हणाला, पण शत्रूच्या मुलखाचे रिकार्ड इथे राहू देता येणार नाहीत. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. अप्पा वेडे निघाल्याची असेल, किंवा अर्थ न कळल्याची. मला ती पुढे बरेच दिवस छळत राहिली.

अप्पांनी पेटी पुढे ओढली. प्रत्येक तबकडी फडक्यात गुंडाळून त्यांनी पेटी भरली, वर गोधडी बांधली, आणि जवानाला म्हणाले, "उभ्या ठिवा, दादा. आडव्या ठिवल्या की वाकत्यात." जवानाने पेटी खांद्यावर आडवीच घेतली.

मग अप्पांनी माझ्याकडे पाहिले. "चहा गार झाला, मुन्शी," ते म्हणाले आणि आत गेले.

बाहेर पेठ जमली होती. अप्पा सुटले हे पाहून लोकांनी मला उचलायचेच बाकी ठेवले. आक्काने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. "बाबा, तुमी हुतात म्हनून माझा भाऊ घरात हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती गोष्ट सुरू झाली. मी ती खोडली नाही.

तबकड्या परत आल्या नाहीत. पंधरवड्यात शेठजींनी अप्पांना जीनमधून कमी केले. "सरकारदरबारी वेडा ठरलेल्या माणसाच्या हातात माल कसा द्यायचा?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून, "तूच तर सांगितलंस." अप्पांच्या जागी आलेला माणूस मुकाट्याने धागा ओढी. गाडीवान ओठांकडे पाहत उभे राहत आणि त्यांना काही कळत नसे. दारी येणारी माणसेही थांबली. वेड्याच्या पेटीत बातमी कशी असणार? रस्त्यावरून जाताना पोरे अप्पांना विचारीत, "अप्पा, आज धुकं हाय का?" अप्पा त्यांनाही वाकून शरणार्थ करीत.

मी त्यांच्याकडे जाणे सोडले. सोमवारी भजनात ती चाल लागली की मी मंदिराबाहेर येऊन वहाणांशी उभा राहत असे. निजामाचे राज्य गेले त्या धामधुमीनंतर मला परभणीला कचेरीत नोकरी लागली आणि मी मानवत सोडले. अप्पा दिसायचे ते कोणाच्या तरी कार्यात, लांबून. ते वाकत. मी वाकत नसे. गर्दीत शिरत असे.

गेल्या वर्षी एका सकाळी मी दाढी करीत होतो. माझी धाकटी मुलगी दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज हे काय गुणगुणता? कुठलं गाणं आहे?" आपण गुणगुणतो हे मला ठाऊकच नव्हते.

"काही अर्थ नाही त्याला," मी म्हणालो.

आरशात मी स्वतःला हे म्हणताना पाहिले. ती कॉलेजला गेली. मी अर्धी दाढी तशीच ठेवून बसलो. मग तोंड पुसले, पत्नीला सगळे सांगितले, आणि मानवतची एसटी धरली.

अप्पा ओट्यावर उन्हात बसले होते. आक्का केव्हाच गेली होती. मीही आता पन्नाशी ओलांडलेली. अप्पा अगदीच लहान दिसत होते, पण कपाळावर विभूती होती आणि शेजारी वाडगा होता. मी समोर उभा राहिलो. त्यांनी डोळे बारीक केले.

"मुन्शी का?" ते म्हणाले. "वहाना काढा."

मी काढल्या आणि त्यांच्याजवळ बसलो. वाटेत शंभरदा जुळवलेली वाक्ये माझ्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागलो. अप्पा माझ्या ओठांकडे पाहत होते. मग त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हनायलाव?"

मी पुन्हा सांगितले.

समोरच्या दुकानातला वाणी गल्ल्यावरून ओरडला, "काका, अप्पाला कायबी ऐकू येत न्हाई. तुमचं तर मलाबी ऐकू येईना. जोरात बोला की."

मी पेठेकडे पाहिले. बाजाराचा दिवस होता. दुकानात गिऱ्हाईक होते, पलीकडे बैलगाड्या सोडलेल्या होत्या, त्या गर्दीत मला ओळखणारी, ती चांगली गोष्ट सांगणारी म्हातारी माणसेही होती. मी आयुष्यात कधी मोठ्याने बोललो नव्हतो. मी उठून उभा राहिलो.

"अप्पा, अमीन आला होता," मी ओरडलो. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यानं तुमच्या गाण्याचा अर्थ विचारला. तुम्ही म्हणालात, मुन्शी सांगतील."

वाणी मापातले धान्य हातात धरून थांबला.

"अप्पा, त्या गाण्यात बंदर आहे. पहाट आहे, धुकं आहे. एक बाई पायरीवर उभी आहे. तिला जहाज दिसत नाही, भोंगा ऐकू येतो. भोंगा वाजला की ती खडाव दगडावर वाजवते. त्याला ते ऐकू जाणार नाही, हे तिला माहीत आहे. ती रडते आणि—"

अप्पांचा हात वर झाला. "रडत न्हाई," ते म्हणाले. "त्या गान्यात कुनी रडत न्हाई, मुन्शी."

"रडत नाही," मी म्हणालो, आणि आणखी मोठ्याने, "ती रडत नाही, अप्पा. मला सगळं ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं. धुक्याची बातमी मी उठवली होती. तुम्हाला वाचवायला नाही, स्वतःला वाचवायला मी तुम्हाला वेडं ठरवलं. तुम्ही वेडे नव्हता. त्या गाण्यांना अर्थ होता. माझं चुकलं, अप्पा. मला क्षमा करा."